‘फक्त मार्च’ म्हणजे उडीद: बर्मी भाषेचं यंत्र-भाषांतर कुठे आणि का घसरतं

प्रश्न विचारणारे गृहस्थ लातूरचे डाळ-व्यापारी आहेत. मंडालेच्या एका विक्रेत्याशी ते आता मध्ये दलाल न घेता थेट व्यवहार करतात. तो बर्मीत लिहितो आणि हे फोनवरच्या भाषांतरातून मराठीत वाचतात. तीन संदेशांनी त्यांना कोड्यात टाकलं. पहिला, ‘फक्त मार्च तयार आहे’. दुसरा, ‘माल पाठवला’, प्रत्यक्षात माल गोदामातून हललाही नव्हता. तिसरा, आगाऊ रकमेची चर्चा चालू असताना आलेला, ‘मला तुमच्याबद्दल वाईट वाटतं’. त्यांचं विचारणं असं की फ्रेंच-जर्मन झकास जमतं, मग बर्मीलाच काय झालं? आणि या भाषांतरावर किती विसंबावं?

मी वीसेक वर्षं भाषांच्या संगणकीय मजकुरावर काम करतो आहे. सुरुवात मराठीच्या जुन्या फाँटांपासून झाली, गेली बारा वर्षं बरंचसं काम बर्मीचं आहे. बर्मी ही माझी मातृभाषा नाही, पण तिच्या मजकुराशी रोजची झटापट असते. तुमच्या तिन्ही संदेशांचं कोडं सुटण्यासारखं आहे, म्हणून त्यांच्याच आधाराने सांगतो.

आधी मार्च. उडदाला बर्मीत ‘मत्पे’ म्हणतात. यातला ‘पे’ म्हणजे कडधान्य. पण हाच ‘पे’, याच स्पेलिंगने, वाक्यात ‘फक्त’ किंवा आपल्या ‘च’सारखाही येतो. आणि ‘मत्’ हे मार्च महिन्याचंही नाव आहे, पुढे बहुधा महिना या अर्थाचा ‘ला’ जोडतात, घाईत तो गळतो. म्हणजे ‘मत्पे’ ही अक्षरं एका नजरेला उडीद आणि दुसऱ्या नजरेला ‘मार्चच’. बर्मी माणसाचा गोंधळ होत नाही, कारण समोर डाळीचा व्यापारी आहे हे त्याला ठाऊक असतं. यंत्राला ते ठाऊक नसतं. त्याला फक्त ती एक ओळ दिसते. तुमच्या विक्रेत्याने बहुधा ‘उडीद तयार आहे’ एवढंच लिहिलं होतं.

हे घडायचं मूळ कारण लिपीत आहे. बर्मी लिपी आपल्यासारखीच ब्राह्मीच्या कुळातली. व्यंजन, त्याला चिकटणारे स्वर, जोडाक्षरं, सगळं ओळखीचं. ताडपत्रावर सरळ रेघ ओढली की पान फाटतं म्हणून अक्षरं गोल झाली. पण एक फरक फार महागात पडतो: बर्मीत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत. जागा सोडली तर वाक्यखंडानंतर, तीही लिहिणाऱ्याच्या मर्जीने. मराठीत ‘उडीद तयार आहे’ हे तीन शब्द आहेत हे यंत्राला आयतं मिळतं. बर्मीत शब्द कुठे संपला हे आधी ठरवावं लागतं आणि ते ठरवण्यासाठी अर्थ कळावा लागतो. अक्षरांचे गट, म्हणजे एकेक उच्चारखंड, वेगळे करणं सोपं आहे, त्याचे नियम ठरलेले आहेत आणि ते जवळजवळ चुकत नाहीत. त्या खंडांचे शब्द बांधणं कठीण आहे. नकाराचं उदाहरण घ्या. नकारासाठी क्रियापदाच्या आधी ‘म’ हे एकच अक्षर येतं आणि बोलीत शेवटी ‘बू’: थ्वा-दे म्हणजे गेलो किंवा जातो, मथ्वाबू म्हणजे जात नाही. आता बाई स्वतःला म्हणतात ‘च्यमा’ (लिहिताना ‘च्यन्-म’), त्या शब्दाच्या शेवटीही तेच ‘म’ आहे, आणि उरलेल्या ‘च्यन्’चा सुटा अर्थ गुलाम. तेव्हा ‘मी जाते’ या साध्या वाक्याचे तुकडे चुकीच्या जागी पडले तर ‘गुलाम जात नाही’ असंही वाचता येतं. शेवटचा प्रत्यय पाहून सुटका होते, पण शेवट अर्धवट टंकलेला असेल तर नाही.

नावांचंही तेच. बर्मी लोकांना आडनाव नसतं आणि नावं रोजच्या शब्दांची बनतात. श्वे म्हणजे सोनं, ङ्वे म्हणजे चांदी, म्या म्हणजे पाचू, ह्ला म्हणजे सुंदर. आपल्याकडेही प्रकाश आणि सुमन आहेतच, पण मराठी वाक्यात ते निदान सुटे उभे राहतात. बर्मी ओळीत नाव आजूबाजूच्या शब्दांत विरघळून जातं. ज्या पेढीच्या नावात ‘श्वे’ आहे तिच्या बिलाच्या भाषांतरात सोन्याचा भाव उगवलेला मी पाहिला आहे.

दुसरं कारण मजकूर यंत्रापर्यंत पोचण्याच्या आधीचं आहे आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ते आपल्या घरचं दुखणं आहे. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव या फाँटांत टंकलेली जुनी मराठी फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या आजच्या जागतिक पद्धतीत, उघडली की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. या फाँटांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी चित्रं बसवली होती. तिथे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकायची, कारण ती दिसते आधी. युनिकोड ती व्यंजनानंतर साठवतं, कारण ती उच्चारली जाते नंतर.

बर्मीत हेच घडलं, फक्त आणखी वाईट रीतीने. युनिकोडमध्ये बर्मी १९९९ पासून आहे, पण तिची रचना २००८ च्या ५.१ आवृत्तीत नीट बसली. त्याच्या थोडं आधी, २००७ च्या सुमारास, ‘झोजी’ नावाचा फाँट आला आणि देशभर पसरला, कारण त्या काळच्या संगणकांवर आणि मग फोनवर तो लगेच चालायचा. (झोजी हा बर्मी कथांमधला किमयागार सिद्धपुरुष, हा शब्द आपल्या ‘योगी’वरूनच गेलेला.) झोजीने रोमन जागा वापरल्या नाहीत, युनिकोडने बर्मीसाठी राखलेल्याच जागा वापरल्या, पण क्रम स्वतःचा ठेवला. ‘ए’ची मात्रा व्यंजनाच्या आधी, एकाच चिन्हाच्या रुंद-अरुंद आकृत्यांना वेगवेगळे क्रमांक, आणि त्यासाठी जागा कमी पडली तेव्हा मोन, शान, करेन या भाषांच्या अक्षरांसाठी राखलेल्या जागाही घेतल्या. त्या भाषा बोलणाऱ्यांना आपली लिपी त्याच फोनवर नीट लिहिता येईना. त्या लोकांचं यात झालेलं नुकसान मला फाँटाच्या कोणत्याही तांत्रिक दोषापेक्षा मोठं वाटतं.

कृतिदेवची फाइल पाहताक्षणी कळते की हे मराठी युनिकोड नाही. झोजीची ओळ पाहून संगणकाला कळत नाही. दोन्ही बर्मीच्याच खणात बसतात, अंदाज करावा लागतो. त्यासाठी वेगळी ओळख-साधनं लिहावी लागली, गूगलनेही एक खुल्या परवान्यात दिलं आहे, आणि ती सगळी ‘हे झोजी असण्याची शक्यता इतकी’ असंच उत्तर देतात. लांब मजकुराला अंदाज उत्तम येतो. ‘हो, पाठवतो’ एवढ्या ओळीला तो डळमळतो, आणि व्यापाराचे संदेश असेच चिमुकले असतात. म्यानमारने १ ऑक्टोबर २०१९ हा दिवस ठरवून अधिकृतपणे युनिकोड स्वीकारलं. नव्या फोनवर आता बहुतेक सगळं युनिकोडच असतं. पण जुने फोन, जुन्या दरपत्रकांच्या फाइली, कॉपी करून पुढे ढकललेले मजकूर अजून फिरतात. झोजीतली ओळ तशीच भाषांतराला दिली तर यंत्र अडत नाही, तक्रार करत नाही, काहीतरी सफाईदार वाक्य काढून देतं. म्हणून विक्रेत्याला एकदाच विचारून घ्या: फोन युनिकोडवर आहे ना?

आता तुमचा दुसरा संदेश, ‘माल पाठवला’. बर्मी क्रियापद भूत-वर्तमान असं वेगळं करत नाही. ‘दे’ हा प्रत्यय झालेल्या आणि होत असलेल्या किंवा नेहमी होणाऱ्या गोष्टीला लागतो, ‘मे’ व्हायच्या गोष्टीला. ‘पो-दे’ म्हणजे पाठवला, आणि पाठवतो सुद्धा. ‘पो-मे’ म्हणजे पाठवीन. लिहिताना दोन्ही प्रत्ययांत फक्त एका व्यंजनाचा फरक आहे, त आणि म. बर्मीतून मराठीत येताना यंत्र बहुधा मधल्या इंग्रजीवरून येतं. इंग्रजीत जायचं तर त्याला भूतकाळ की वर्तमानकाळ हे निवडावंच लागतं, आणि ते बहुतेक वेळा भूतकाळ निवडतं. तुमच्या विक्रेत्याने कदाचित ‘आम्ही पाठवतो, त्याची काळजी नको’ असं म्हटलं असेल. खरंच माल निघून गेला असेल तर बर्मी माणूस क्रियेनंतर ‘पीबी’ जोडतो, म्हणजे ‘झालं’. तेव्हा त्याला ‘माल पाठवला का’ असं विचारू नका. ‘गाडी गोदामातून कोणत्या तारखेला निघाली’ असं विचारा. तारीख आली तरच माल निघाला असं समजा.

यंत्र हे शिकतं कुठून, हेही पाहायला हवं. शेकडो भाषांसाठी एकच पद्धत वापरतात: दोन भाषांतली जोडीची वाक्यं गोळा करायची आणि त्यातून नमुना शिकायचा. बर्मीत अशी वाक्यं थोडी, आणि जी आहेत ती बातम्यांची, धर्मग्रंथांची, सरकारी कागदांची. जपानच्या एनआयसीटी संस्थेच्या पुढाकारातल्या आशियाई भाषांच्या संग्रहात बर्मीची सुमारे २०,००० वाक्यं आहेत, ती इंग्रजी विकिन्यूजच्या बातम्यांचं भाषांतर करून मिळवलेली. यांगोनच्या संगणक विद्यापीठाने आणखी मोठा संग्रह केला. हे काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, तेवढं नसतं तर आज काहीच नसतं. पण बर्मी लिहिण्याची आणि बोलण्याची भाषा यांत मोठी दरी आहे, आपल्या शासन-परिपत्रकाच्या आणि बाजारातल्या मराठीपेक्षा कितीतरी रुंद. लेखी भाषेत वाक्य ‘थी’ने संपतं, बोलीत ‘दे’ने. ‘चा-ची-चे’साठी लेखी प्रत्यय वेगळा, बोलीतला वेगळा. अनेकवचनाला लेखीत ‘म्या’, बोलीत ‘त्वे’. ‘हा’ला सुद्धा दोन शब्द. यंत्राने वर्तमानपत्र वाचून अभ्यास केला आणि परीक्षेत तुमच्या विक्रेत्याचं व्हायबर या संदेश-अ‍ॅपवरचं बोलणं आलं.

गूगलच्या भाषांतरात मराठी मे २०१३ मध्ये आली आणि बर्मी डिसेंबर २०१४ मध्ये. २०२२ च्या जुलैत मेटाने, म्हणजे फेसबुकच्या कंपनीने, २०० भाषांचं एकच प्रारूप (मॉडेल) खुलं केलं, त्यात मराठी आहे, बर्मी आहे, म्यानमारमधल्या शान आणि जिंगफो या भाषाही आहेत. तत्त्वतः ते मराठीतून बर्मीत इंग्रजीला न शिवता जातं. प्रत्यक्षात मराठी-बर्मी अशी जोडीची वाक्यं जवळजवळ नाहीतच, त्यामुळे शिकलेलं सगळं इंग्रजीच्या सावलीतलं. आणि ती सावली आपल्या दोन भाषांवर फार अन्यायाने पडते.

कसं ते पाहा. बर्मी पुरुष ‘मी’ला ‘च्यनॉ’ म्हणतो, बाई ‘च्यमा’. म्हणजे बोलणारी बाई आहे हे बर्मी वाक्यात स्पष्ट असतं. मराठीतही ‘मी गेले’ म्हटलं की स्पष्ट असतं. मधल्या इंग्रजीत ते पुसलं जातं आणि बाई मराठीत ‘मी गेलो’ म्हणू लागतात. दोन्ही टोकांना असलेली माहिती मधल्या मुक्कामी हरवते. नात्यांचंही तसंच. आपण दादा, ताई, काका म्हणतो, बर्मी लोक ‘को’, ‘मा’, ‘ऊ’, ‘डॉ’ लावल्याशिवाय नाव घेत नाहीत. धाकट्या भावाला तर बोलणारा पुरुष आहे की बाई त्यावर वेगळा शब्द. इंग्रजीतून जाताना तुमचा ‘दादा’ नुसता भाऊ होतो, आणि बर्मीत उतरताना धाकटा भाऊही होऊ शकतो. वयाने मोठ्या विक्रेत्याला ते फार खटकेल. मोजतानाही सांभाळावं लागतं, कारण काय मोजतो त्यावर संख्येला जोडायचा शब्द बदलतो: माणसांना ‘याउक्’, जनावरांना ‘काउन्’, भिक्षूंना ‘पा’. भिक्षू जेवले, गेले, झोपले यांना क्रियापदंही निराळी. यंत्र भिक्षूंना चारचौघांच्या शब्दांत मोजतं, आणि बौद्ध वाचकाला ती बेअदबी वाटते.

इथे एक गंभीर गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बर्मीत हरभऱ्याला ‘कलापे’ म्हणतात, खुर्चीला ‘कलाठाइन’. यातला ‘कला’ हा शब्द भारतीय उपखंडातून आलेल्या लोकांसाठी, आणि विशेषतः मुसलमानांसाठी, तुच्छतेने वापरला जातो. २०१७ मध्ये फेसबुकने हा शब्द असलेला मजकूर काढायला सुरुवात केली, तेव्हा हरभऱ्याबद्दल आणि खुर्चीबद्दल लिहिणाऱ्यांचेही संदेश गेले. पुढल्या वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, रॉयटर्सने उघड केलं की त्या समुदायातल्या दिसेल त्या सगळ्यांना ठार करा, एकही जिवंत ठेवू नका अशा अर्थाच्या बर्मी मजकुराचं भाषांतर फेसबुकवर ‘म्यानमारमध्ये माझ्याकडे इंद्रधनुष्य असू नये’ असं दिसत होतं. रोहिंग्यांवरच्या हिंसेनंतरचे ते दिवस होते. त्यानंतर ती भाषांतराची सोय काही काळ बंद करण्यात आली. मग जानेवारी २०२० मध्ये चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग म्यानमारच्या दौऱ्यावर असताना फेसबुकवरच्या भाषांतरात त्यांच्या नावाच्या जागी इंग्रजीत शिवी उमटली. कंपनीने माफी मागितली आणि हे नाव आपल्या बर्मी शब्दसाठ्यात नव्हतं असं सांगितलं. लोक शिवीचीच आठवण काढतात, मला इंद्रधनुष्य विसरता येत नाही. जिथे धोका ओळखायला हवा होता तिथे यंत्राने एक निरुपद्रवी, गोड वाक्य पुढे केलं.

हा गोडवा आता वाढला आहे. दहा वर्षांपूर्वीचं भाषांतर तुटक असायचं, चूक डोळ्यांत भरायची. आजची संवाद करणारी मोठी प्रारूपं बर्मी कितीतरी चांगली समजतात, लांब संदेशाचा आशय बहुतेक वेळा बरोबर देतात. मी स्वतः रोज वापरतो. पण चुकतात तेव्हा वाक्य तितकंच सुबक असतं. आणि उलट भाषांतर करून तपासण्याची युक्ती, म्हणजे मराठीतून बर्मी केलं आणि तेच परत मराठीत आणलं, फारशी कामाची नाही. ज्याने जाताना ‘उडीद’ला ‘मार्च’ मानलं तोच येताना ‘मार्च’ला ‘उडीद’ मानेल, आणि तुम्हाला सगळं जुळलेलं दिसेल. दोन वेगळ्या यंत्रांतून एकच बर्मी संदेश वाचावा. दोन्हींत आकडा, तारीख, नकार किंवा मालाचं नाव वेगळं आलं तर व्यवहार तिथेच थांबवावा आणि फोन करावा. यांगोनच्या डाळ-बाजारात भारतीय वंशाची माणसं आहेत, हिंदी जाणणारा कोणी ना कोणी भेटतो.

आकड्यांचं मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा, पैसे तिथेच बुडतात. बर्मीत आपल्यासारखाच लाख आहे, ‘थेइन्’. कोटीही आहे, ‘कडे’, तो पालीतल्या ‘कोटि’वरूनच आला. शिवाय दहा लाखांसाठी ‘थान्’ आहे. लिहिताना ‘थान्’ आणि ‘थेइन्’ यांत फरक केवळ डोक्यावरच्या एका छोट्या गोलाचा. तो गोल सुटला की लाखाचे दहा लाख. मोठ्या रकमा बोलताना एकक आधी येतं आणि संख्या नंतर: ‘थेइन् ३०’ म्हणजे तीस लाख. यंत्र त्याचं कधी ‘१,००,०३०’ही करून ठेवतं. त्यात आणखी एक खोडी: बर्मी शून्य आणि ‘व’ अक्षर जवळजवळ सारखेच गोल दिसतात, आणि लोक शून्याच्या जागी सर्रास ‘व’ टंकतात. सात आणि ‘र’ यांचंही तसंच. माणसाला १००० दिसतं, यंत्राला एक आकडा आणि पुढे तीन अक्षरं. वजनं तर निराळीच. ‘पेइथा’ म्हणजे साधारण १.६३ किलो. ‘तिन्’ ही मुळात टोपलीची मापणी, भाताची टोपली सुमारे २०.९ किलोची, कडधान्याची वेगळ्या वजनाची. विक्रेत्याला सांगा की रक्कम, वजन आणि तारीख इंग्रजी आकड्यांत लिही, वजन टनांत किंवा किलोंत. मालाचं बर्मी नाव तुम्ही स्वतःच पाठवत जा: उडीद मत्पे, तूर पेसिन्ङोन्, मूग पेडीसेइन्, हरभरा कलापे. म्यानमारच्या तुरीला आपल्या बाजारात ‘लेमन तूर’ म्हणतात, ते नाव यंत्राच्या हाती दिलंत तर ती लिंबू होऊन मंडालेला पोचेल.

स्वतः लिहिताना एका वाक्यात एकच गोष्ट लिहा. कर्ता गाळू नका, मराठीत आपण तो सतत गाळतो, बर्मीतही गाळतात, आणि मधल्या इंग्रजीला कुणाला तरी कर्ता करावंच लागतं. ‘उद्या कळवतो’ऐवजी ‘मी तुम्हाला १४ तारखेला दर कळवीन’. करार, तक्रार, मालाच्या प्रतीबद्दलचा वाद यासाठी माणूसच हवा, त्यात काटकसर करू नका.

राहिला तिसरा संदेश. ‘मला तुमच्याबद्दल वाईट वाटतं’ वाचून तुम्ही दुखावलात, ते साहजिक आहे. त्याने जवळपास नक्कीच ‘आनादे’ लिहिलं असणार. इंग्रजीत या शब्दाला जोडच नाही, यंत्र तिथे कधी वाईट वाटणं, कधी लाज, कधी क्षमा असं काहीबाही ठेवतं. मराठीत मात्र तो शब्द आपल्याजवळ आहे: भीड. समोरच्यावर आपला भार पडू नये म्हणून बोलता न येणं, मागता न येणं. ‘मला भीड वाटते’ असं ते वाक्य होतं. आगाऊ रक्कम मागायची त्याला भीड पडली आहे. तुम्ही वाट पाहू नका, किती टक्के आणि कोणत्या तारखेला ते आपणहून आकड्यांत लिहून पाठवा, आणि त्याच्या नावाआधी मोठ्यांसाठीचा ‘ऊ’ लावायला विसरू नका.